शंका आली की हात वर करायचा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. म्हटलं, आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, बँकेत मॅनेजर आहेत, एक जण परदेशातून खास येतोय. त्यांना बोलू द्या. मी काय बोलणार? मी डेटा एंट्री करते. त्यावर पलीकडून उत्तर आलं, "मग त्यावरच बोल. आमच्या पोरांना कुणी ना कुणी हेच काम करायला सांगतंय, आणि आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आज सकाळी ओळखी करून देताना मी कामाचं नाव सांगितलं, तेव्हा आपल्यातलाच एक जण म्हणाला, "म्हणजे टायपिंगच ना?" त्याचं चुकलं नाही. कामाला लागले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. टायपिंग आणि डेटा एंट्री यात फरक काय, हे मला एका चुकीतून कळलं. आज मी ती चूकच सांगणार आहे. पण त्याआधी आपल्या शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सुरुवात तिथून आहे.

आठवीत मराठीच्या बाई फळ्यावर उतारा लिहायच्या आणि आपण तो वहीत उतरवून घ्यायचो. बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल की नाही माहीत नाही. एकदा उताऱ्यात 'आशीर्वाद' शब्द होता आणि फळ्यावर 'शि' ऱ्हस्व पडला होता. माझं शुद्धलेखन चांगलं, त्याचा मला तोराही होता. मी वहीत गुपचूप दीर्घ लिहिलं. वह्या तपासताना बाईंच्या ते लक्षात आलं. मला वाटलं, आता शाबासकी. बाईंनी विचारलं, "फळ्यावर काय होतं?" मी म्हटलं, "चुकलेलं होतं, म्हणून मी बरोबर लिहिलं." तेव्हा बाई म्हणाल्या, "तुला चूक दिसली, तर हात वर करायचा. तू तुझ्यापुरतं दुरुस्त केलंस. बाकीच्या साठ जणांच्या वहीत चूकच गेली. आणि उद्या तुला चूक वाटेल ते खरं बरोबर असेल, तेव्हा काय करशील?"

मला तेव्हा राग आला होता. बरोबर लिहूनही बोलणी खाल्ली, असं घरी जाऊन सांगितलं. बाईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे कितीतरी वर्षांनी मिळालं.

बारावीनंतर पुढे शिकायची घरची परिस्थिती नव्हती. स्टँडमागे टायपिंगचा क्लास होता, तिथे जायला लागले. रांगेत मांडलेली ती जड मशिनं आणि तो खडखडाट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका तासासाठी एक मशीन. पहिला महिना नुसतं ए-एस-डी-एफ. करंगळीने बटण दाबताना बोट सुजायचं. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा पास झाले, २००२ मध्ये एमएस-सीआयटी केलं, आणि त्याच वर्षी एका ठेकेदारामार्फत तालुक्याच्या कचेरीत कामाला लागले. काम होतं हाताने लिहिलेले सातबाराचे उतारे संगणकात भरायचं. पगार नव्हता, उताऱ्यामागे पैसे होते. जितके उतारे, तितके पैसे.

आता या कामाला काय लागतं, ते सांगते.

पहिली गोष्ट बोटं. की-बोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, आणि उजवीकडच्या आकड्यांच्या भागात पाचवर असतो. तो बोटांना जागा सांगण्यासाठी असतो, म्हणजे खाली बघावं लागत नाही. नजर कागदावर, बोटं बटणांवर. जो सारखा खाली बघतो त्याची कागदावरची ओळ सुटते, आणि ओळ सुटली की चूक झालीच. मराठीत आणखी एक भानगड. टाइपरायटरच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, जशी ती कागदावर दिसते तशी. पुढे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट आलं, त्यात अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत माझी कमाई निम्म्यावर आली होती. पण बोटांचं कसब सरावाने येतं, कुणालाही येतं. हे काम बोटांत नाही, असं मी आज म्हणते ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट डोळे. जुना उतारा वाचता आला पाहिजे. नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असायचं. आम्ही बारावी पास मुली, आम्हाला ते आडनाव वाटलं! कचेरीतल्या म्हाताऱ्या कोतवालकाकांनी सांगितलं, "अगं, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याची नाही, सगळ्या घराची आहे." 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मूल लहान आहे आणि त्याच्या वतीने कुणी मोठं माणूस आहे. ही तीन अक्षरं जागा नाही म्हणून गाळली, तर पोराची जमीन कागदावर त्याच्या काकाची होते. 'पो.ख.' म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारी जमीन. पहिले दोन महिने मी कोतवालकाकांना दिवसातून वीस वेळा हाक मारायची. ते कधी वैतागले नाहीत.

तिसरी गोष्ट आकडे. गणिताचे सर इथे आहेत, त्यांना आवडेल म्हणून सांगते. ३६ च्या जागी ६३ पडलं, तर फरक येतो २७. ५८ च्या जागी ८५ पडलं, तरी २७. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. गावाच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली नाही, की मी आधी फरकाला नऊने भागून बघायची. भाग गेला की कुठे तरी अंक उलटे पडल्याचा संशय घ्यायचा आणि ते शोधायला लागायचं. मापाचंही तसंच. जुन्या कागदावर एकर-गुंठे, नव्यावर हेक्टर-आर. एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, म्हणजे साधारण ६१ आर. पण घाईत कुणी १.२० असंच भरलं, तर ते होतं एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. एका बटणाच्या चुकीने माणसाची जमीन दुप्पट! आणि शेजाऱ्याशी भांडण फुकटात.

चौथी गोष्ट नावं, आणि ही सगळ्यात अवघड. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आपल्याला वाचताना फरक कळतो, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. आडनावातला 'ऱ्ह' एका ठिकाणी एका पद्धतीने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या पद्धतीने टाइप केला, की एकाच माणसाची दोन माणसं होतात. 'सुनिता' आणि 'सुनीता' या संगणकाच्या लेखी दोन बायका. तुमच्यापैकी ज्यांनी घरच्यांची कागदपत्रं एकमेकांशी जुळवली असतील, त्यांना हा त्रास माहीत आहे. पीएम किसानचे पैसे अडकले, कारण आधारवर एक नाव आणि बँकेत दुसरं, हे किती घरांत झालंय!

आकड्यांना राखण ठेवता येते. आधार क्रमांकाचेच बघा. बारा अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा असतो. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर संगणक तो क्रमांक घेतच नाही. नावाला अशी राखण नाही. नाव चुकलं, गळलं, तर संगणक मुकाट्याने 'जतन झाले' म्हणतो.

आता माझी चूक.

२००३ चा पावसाळा असेल. एका गावाचे उतारे भरत होते. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि मला दिवसाचा आकडा पुरा करायचा होता. एका सातबारावर वारसांची नावं होती. तीन भाऊ, आणि खाली दोन ओळी बायकांच्या. दोन्ही ओळींत आडनाव एकच. नवऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, तेही एकच. आणि पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. मी थांबले. मला वाटलं, लिहिणाऱ्याने एकच नाव चुकून दोनदा लिहिलंय. अक्षर घाईचं होतं, तो एका अक्षराचा फरक मला शाईचा फटकारा वाटला. मी एक ओळ भरली आणि दुसरी सोडली. आठवीतल्यासारखंच. गुपचूप 'बरोबर' केलं.

त्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. एकाच घरात दिलेल्या, सख्ख्या जावा. आपल्याकडे हे काही नवल नाही. कोतवालकाका दहा पावलांवर बसले होते. मी विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं. मी हात वर केला नाही.

हे मला कळलं सात वर्षांनी. तोपर्यंत त्या जमिनीतला एक पट्टा रस्त्यासाठी संपादनात गेला होता आणि मोबदल्याच्या नोटिसा निघाल्या होत्या. एक मावशी कचेरीत आल्या. पन्नाशीच्या, हातात पिशवी, पिशवीत कागद. सगळ्या भावंडांना नोटीस आली, थोरल्या बहिणीला आली, आपल्यालाच कशी नाही, हे विचारायला त्या चौथ्यांदा आल्या होत्या. भावांनी नाव काढून टाकलं, असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं. दोन वर्षांपासून त्या भावांच्या घरी गेल्या नव्हत्या. भाऊबीजेलासुद्धा नाही.

मी संगणकावर उतारा काढला. गावाचं नाव बघितलं आणि मला कसंतरीच झालं. रेकॉर्डमधून हस्तलिखित उतारा काढायला सांगितला. दोन ओळी होत्या. वारसाचा फेरफार काढला, त्यातही दोघींची नावं स्वच्छ अक्षरात. आता बघितल्यावर ते एक अक्षर इतकं वेगळं दिसत होतं, की मला त्या वेळी ते दिसलं कसं नाही, याचं आजही आश्चर्य वाटतं.

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. कुणी भरलं होतं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी ठेक्यावरची, उद्या कामावरून काढलं तर घर चालणार नव्हतं, मुलगा तीन वर्षांचा होता. पण त्या मावशी बाकावर बसून पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मावशी, तुमच्या भावांनी काही केलेलं नाही. नाव माझ्या हातून गळलं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हे त्यांना तूच येऊन सांग."

मी गेले. रविवारी एसटीने गेले, तिन्ही भावांच्या समोर बसून सांगितलं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड एंट्री होती.

नाव परत चढवणं सोपं नव्हतं. काढायला एक सेकंद लागला होता, चढवायला अर्ज, तलाठ्याचा अहवाल, सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा, आणि महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करण्याचा तहसीलदारांचा आदेश. मी साहेबांना लेखी दिलं की चूक भरताना झाली. मला कामावरून काढलं नाही, पण दोन महिन्यांचे पैसे ठेकेदाराने अडवून ठेवले. मावशींना मोबदला मिळाला, पण बाकीच्यांनंतर जवळजवळ दीड वर्षाने. मधल्या काळात नवऱ्याच्या आजारपणासाठी त्यांनी गळ्यातलं गहाण टाकलं होतं. ते सुटलं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. भावाबहिणीचं येणं-जाणं मात्र पुन्हा सुरू झालं, एवढं कळलं.

त्या दिवसापासून माझे तीन नियम आहेत. कागदावर असेल तसंच भरायचं, मनाने भरायचं नाही. शंका आली की ती ओळ भरायची नाही, बाजूला पेन्सिलने खूण करून विचारायचं. आणि सकाळी भरलेलं संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून मूळ कागदाशी ताडून घ्यायचं, कारण आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. माझा वेग त्यामुळे कमी झाला. सुरुवातीला पैसेही कमी मिळाले. मग हळूहळू असं झालं, की अवघड गठ्ठे माझ्याकडेच यायला लागले.

२०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, ते तुमच्यापैकी गावी राहणाऱ्यांना आठवत असेल. संगणकातले सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि चुका लिहून घ्यायच्या. एका गावात मीही मदतीला होते. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. तलाठी वाचत होते आणि प्रत्येक जण आपलं नाव येईपर्यंत श्वास रोखून बसला होता. नाव बरोबर आलं की मान डोलवायचा. एक आजोबा म्हणाले, "माझ्या बापाचं नाव चुकलंय, लिही." नुसत्या वेलांटीची चूक होती. पण त्यांनी ती लिहून घेतल्याशिवाय जागा सोडली नाही. मला बरं वाटलं. अख्खं गाव हात वर करत होतं.

आता तुमच्या मुलांसाठी थोडं.

हे काम कमी शिक्षणात मिळतं, हे खरं. संगणक टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, ती मराठी आणि इंग्रजी दोन्ही करून ठेवा. एक्सेल नीट शिका. नुसते रकाने भरायला नको, तर भरलेलं तपासायला शिका. पण नोकरी बहुतेक ठेक्याची असते. पगार वाढत नाही, पाठ आणि मनगट मात्र वाढत्या वयाबरोबर दुखतात, चष्म्याचा नंबरही वाढतो. हे मी लपवणार नाही. दर तासाला उठा, लांबवर बघा.

आणि 'घरबसल्या डेटा एंट्री करा, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' असा मेसेज आला, तर एक रुपयाही भरू नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. माझ्याच भाचीने भरले होते. नंतर तिने केलेल्या कामात 'चुका' दाखवून वर दंड मागितला आणि कोर्टाची भीती घातली. असं झालं तर पैसे न देता सायबर पोलिसांची १९३० ही हेल्पलाइन आहे, तिथे लगेच फोन करा.

आता मशीन छापील कागद वाचतं, बोललेलं लिहून काढतं. मग आमचं काम राहणार का, असं मला मुलगा विचारतो. नुसतं बोटांचं काम जाईल, काही ठिकाणी गेलंही आहे. पण त्या दोन ओळी मशीनला दिल्या असत्या, तर त्यानेही कदाचित माझ्यासारखंच एकच नाव धरलं असतं, आणि त्याला तर शरमही वाटली नसती. कुणीतरी मूळ कागद हातात घेऊन "थांबा, या दोघी आहेत का, विचारून येते" असं म्हणणारं लागेलच.

बाई, तुम्ही आठवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला उशीर झाला. मला जे चूक वाटलं होतं ते बरोबर होतं, आणि मी ते खोडलं. त्यानंतर मात्र मी विचारल्याशिवाय एकही ओळ गाळलेली नाही.

सकाळी ओळखीच्या वेळी मी जरा हळू आवाजात सांगितलं होतं, म्हणून आता नीट सांगते. मी डेटा एंट्री ऑपरेटर आहे. या स्मरणिकेत आपल्या सगळ्यांची नावं आणि पत्ते छापायचे आहेत, ती यादी टाइप करायचं काम संयोजकांनी माझ्याकडेच दिलंय. तेव्हा जेवणानंतर मी प्रत्येकाकडे येणार आहे. आपलं नाव कसं लिहायचं, ऱ्हस्व की दीर्घ, ते स्वतःच्या हाताने लिहून द्या. आणि आपल्या वर्गात एकाच नावाच्या दोघी आहेत, त्यांनी आधी येऊन भेटा.